खिडकीतून मोजलेली घरं

८ ऑक्टोबर १९९७, बुधवार

पाहणी झाली! दहाला निघालो, साडेअकराला परत. विद्यार्थ्यांना व्हॅनमध्ये कोंबलं आणि गावाच्या नव्या रस्त्यासाठी सुचवलेले दोन्ही पट्टे पालथे घातले. खाली उतरायचं नाही, काचेतूनच बघायचं — सगळे टाउन-प्लॅनर असंच करतात, आम्ही शिकवतोही असंच. दारात गाडी नाही, पडदे ओढलेले, पोर्चवर कुणी नाही — लिही 'रिकामं'. एकट्या हेझल स्ट्रीटवर एकोणीस रिकामी निघाली. जिथे रिकामी घरं जास्त, तिथली पाडून रस्ता न्यायचा.

टाउन बोर्डाने हा अहवाल माझ्या वर्गाकडून मागवलाय. चार वर्षं इथल्या विद्यापीठात शिकवतेय, पहिल्यांदाच माझा कागद वर्गाबाहेर जाणार. मला फार बरं वाटतंय. उगाच नम्रपणा कशाला!

१४ ऑक्टोबर

आज एथिक्स. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं — जो बैठकीत नाही, त्याचाही विचार करा. छान बोलले, असं वाटलं.

वर्ग सुटल्यावर लोरेन थांबली. चाळिशीची, काळी, हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते, दोन बस बदलून वर्गाला येते. पाहणीच्या दिवशी ड्यूटी होती म्हणून आली नव्हती. "प्रोफेसर, हेझल स्ट्रीटवरचं चौदा नंबर माझं घर. तुमच्या नकाशात मी राहतच नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बुधवारी सकाळी अकराला कष्टाची माणसं घरी कशी सापडतील? आणि हे मला कळू नये — मला! उत्तर नागपुरात आमच्या वस्तीत कॉर्पोरेशनचा माणूस असाच भर दुपारी आला होता. आई विडी कारखान्यात, आम्ही शाळेत. दारावर खडूने 'बंद' लिहून गेला. त्यापायी घराच्या मालकीचा कागद हातात यायला नऊ वर्षं लागली. आई मरेपर्यंत त्याला शिव्या देत होती. त्या शिव्या आता मलाच लागू.

१५ ऑक्टोबर

विभागप्रमुख व्हिटकरांना सांगितलं. "अहवाल गेलाय, उपासना. आता चूक म्हणालात तर विभागाची शोभा होईल." माझ्या ग्रीन कार्डाचा कागद त्यांच्याच टेबलावर सहीसाठी पडलाय, हे ते बोलले नाहीत. गरजच नव्हती.

घरी नवऱ्याला सांगितलं. धर्मराज म्हणाला, "यार, तू डायरेक्ट बोर्डासमोर जाऊ नकोस. आधी सही होऊ दे, मग काय ते कर." तोवर रस्ता मंजूर होईल त्याचं काय! भांडलो. पण त्याचंही खोटं नाही. त्याचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय. आम्ही तिघं त्या एका कागदावर टेकलोय.

निधी जेवता जेवता: "आई, व्हाय डिडन्ट यू जस्ट नॉक?" आठ वर्षांची पोर. मी तिला भात वाढला.

१९ ऑक्टोबर, रविवार

लोरेनबरोबर हेझल स्ट्रीट. एकोणीसही दारं वाजवली. सतरा घरांत माणसं! एका आजोबांनी बसवून घेतलं, बर्फ घातलेला गोड चहा दिला. "म्हणजे लोरेन म्हणाली त्या व्हॅनमधून बघणाऱ्या तुम्हीच का?" ते त्या दिवशी घरीच होते — रात्रपाळी करून पडदा ओढून झोपलेले. वर हसले. मला हसता येईना.

२१ ऑक्टोबर

बोर्डासमोर उभं राहायचं की नाही, अजून ठरत नाही. लिहायचीही लाज वाटते.

२७ ऑक्टोबर, सोमवार

बोर्डाची सुनावणी. उभी राहिले! "चूक माझी आहे, विद्यार्थ्यांची नाही," एवढं म्हटलं आणि सतरा घरांची यादी वाचली. व्हिटकर पूर्ण वेळ खाली बघत होते. बाहेर आल्यावर लोरेनने घट्ट मिठी मारली. आईची फार आठवण आली.

घरी धर्मराज एवढंच म्हणाला, "बघू आता."

३१ ऑक्टोबर

व्हिटकरांनी सही केली! "मला आवडलं नाही," म्हणाले, "पण बरोबर केलंत." धर्मराजने स्वतः खीर केली. थोडी लागली खाली, तरी सगळी संपवली. किती दिवसांनी हलकं वाटतंय.

५ नोव्हेंबर

बोर्डाचा ठराव आला. हेझल स्ट्रीट वाचली. रस्ता दुसऱ्या पट्ट्यातून नेणार — ट्रेलर-घरांच्या, चाकांवरच्या स्वस्त घरांच्या वस्तीवरून. कारण दिलंय: विद्यापीठाच्या पाहणीनुसार तिथली बहुतेक घरं रिकामी.

तीही नोंद आमचीच. त्याच बुधवारची, त्याच व्हॅनमधून केलेली.

तिथलं कुणी माझ्या वर्गात नाही.