आकसाचा पुरावा

भिवंडी, ११ फेब्रुवारी १९९१

प्रिय कमळा,

एक कोडे तुलाही पडले असेल. कारखान्यात वेगळ्या पेल्यातून पाणी देतात, जातीवरून हिणवतात, अशी तक्रार केली तुझ्यासोबत काम करणाऱ्या हौसाने. पण सेठने तिच्या केसालाही धक्का लावला नाही. तू नुसती तिच्या बाजूने साक्ष द्यायला तयार झालीस, तर सुताच्या कांड्या भरण्याच्या मशीनवरून उठवून तुझ्या हाती झाडू दिला. असे का? तक्रार करणाऱ्याला छळले तर ते साऱ्यांच्या डोळ्यांवर येते. साक्षीदाराला छळले तर कामाची अदलाबदल म्हणून सहज खपते. वकिलीच्या कामात मला सर्वांत जास्त रस वाटतो तो नेमका इथे!

कोर्टात याला आकसाने दिलेला त्रास म्हणतात. तू हक्काचे पाऊल उचललेस आणि त्यानंतर तुझे नुकसान झाले, एवढे दाखवणे सोपे आहे. अवघड आहे ते, नुकसान त्या पावलामुळेच झाले हे दाखवणे. सेठचा वकील उठून म्हणेल, ही बाई साक्ष देणार हे माझ्या अशिलाला ठाऊकच नव्हते, मग आकस कुठला? आणि खरेच, तुझे नाव मी अजून कोर्टात दिलेले नाही. हौसालाही सांगितलेले नाही.

तरीही मुकादम रघू झाडू देताना सगळ्यांसमोर म्हणाला ना, "ए मैना, पिंजऱ्यात उभी राहायची प्रॅक्टिस कर, बसून काय राहतेस?" बायका हसल्या, तूही हसलीस. मी मात्र हे ऐकल्यापासून अस्वस्थ आहे. साक्षीदाराच्या जागेला पिंजरा सगळेच म्हणतात. पण मैना हा शब्द माझा. राहनाळला तुमच्या घरच्या ओटीवर तू साक्षीच्या नावाने घाबरलीस, तेव्हा मीच थट्टेने म्हटले होते, "मैना हायस तू, पिंजऱ्यात जा आणि खरं बोल." ते ऐकायला आपल्याशिवाय होती तुझी बहीण जानकी, जी कारखान्याकडे कधी फिरकत नाही, आणि तिचे यजमान, तुझे दाजी. दाजींचा टेम्पो त्याच सेठचे सूत वाहतो.

हे घरी येऊन बोलता आले नसते, म्हणून लिहिते आहे. सेठला आधीच कळले होते हे सिद्ध झाले, तर तुझे मशीन तुला परत मिळेल. पण त्यासाठी दाजींना कोर्टात उभे करावे लागेल, आणि तू राहतेस त्यांच्याच घरात. तो निर्णय मी तुझ्यावर लादणार नाही. आधी फक्त खात्री कर. दाजी एकटे जेवत असताना त्यांच्या कानावर घाल, की वकीलबाईला आणखी एक साक्षीदार मिळाला आहे, पडघ्याचा कासम, पूर्वी सेठच्याच कारखान्यात लूम चालवायचा. असा कासम कोणी नाही. मी आत्ताच रचला. दुसऱ्या कोणालाही, जानकीलाही, हे सांगू नकोस. मग गुपचूप झाडत राहा, आणि रघू जुन्या कामगारांकडे कासमची चौकशी करतो का, तेवढे ऐक.

तुझीच,
सफिया