बाबांचे उच्चार

फ्रीमाँट, ऑक्टोबर २००४

प्रिय अनीश,

मराठी वाचायला तुला वेळ लागेल. लागू दे. फोनवर तू मला मध्येच तोडतोस, म्हणून लिहितेय.

तुझ्या त्या लेस्टर ड्वायरला म्हणे जीवनगौरव पुरस्कार मिळतोय. कशाबद्दल, ते मला कळलं नाही. टीव्हीवरच्या एका मालिकेत तो वेंधळा पोस्टमन झाला होता, दोनेक वर्षं बरं हसवलं. मग चांगले लेखक सोडून गेले आणि उरलं नुसतं तोंड वेडंवाकडं करणं. तेही चालेना, तेव्हा तोंडाला तपकिरी रंग फासून हा हिंदुस्थानी स्वामी झाला, मान डोलवत चमत्कारिक इंग्रजी बोलायला लागला. त्यावर पुढची कितीतरी वर्षं काढली. नंतर कवळीच्या जाहिराती, नंतर कॅसिनोत जेवणाऱ्यांपुढे तेच शिळे विनोद. याला करिअर म्हणतात.

बाबांना मात्र तो देव. आम्ही या देशात नवीन, शॉमबर्गला राहत होतो तेव्हा ऑफिसातून आले की पोस्टमनचे जुने भाग लावायचे आणि त्याची वाक्यं आरशापुढे म्हणायचे. तू त्याच्याकडे नोकरीला लागलास, तर भेटेल त्याला सांगत सुटले.

या उन्हाळ्यात तू आम्हाला त्याला भेटवलंस. बाबा म्हणाले, मी तुमच्यामुळे इंग्रजी शिकलो. म्हातारा म्हणाला, "मग 'व्हेजिटेबल' म्हणून दाखवा." बाबांनी म्हटलं. त्याने पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा लावलं. खोलीतले सगळे हसले. त्याच्या शेजारी उभा राहून तूही हसलास. बाबासुद्धा हसले. गाडीत बसल्यावर मला विचारलं, "मृणालिनी, माझं चुकत काय होतं?" तेव्हापासून बाहेर जेवायला गेलो की ते मेनूवर नुसतं बोट ठेवतात, ऑर्डर मी देते.

आणि आता त्या गौरवसोहळ्यात तोच स्वामी तू करणार! तू इथे जन्मलेला, तुला ते उच्चार जमेनात. म्हणून बाबांना फोन करून सांगितलंस, स्वामीची वाक्यं तुमच्या आवाजात टेप करून पाठवा, मी ऐकून शिकतो. लाज वाटली का, हे विचारत नाही. वाटली असती तर फोन केला नसतास.

मी नको म्हणत होते. ते ऐकेनात. शनिवारभर गॅरेजचं दार लावून बसले. टेप सोबत पाठवतेय. मी ऐकली. स्वामीचं ते वेडगळ बोलणं त्यांनी बातम्या वाचाव्यात तसं वाचलंय. एकेक शब्द सुटा, स्वच्छ, तुम्ही लोक बोलता तसा. तुला हवं ते त्यात कुठेच नाही. मुलगा ऐकून शिकणार आहे, माझं चुकायला नको, असं म्हणत होते.

तुझीच,
आई