अडीच तासांचं काम होतं, अक्का

प्रिय अक्का,

आज दुपारी तुझा काँप्युटर सुरू झाला. पहिल्याच बटणाला. कुणाला सांगावं म्हणून फोन हातात घेतला आणि बोट तुझ्याच नावावर गेलं. म्हणून हे लिहून राहिलो.

काल दाजींचा लातूरहून फोन होता. येत्या गुरुवारी तुला जाऊन वर्ष होतं, ये म्हणाले. मग सहज विचारलं, "त्या नांदेडच्या दुकानदारानं शेवटी सामान दिलं का रे?" मी "हाव" म्हणालो आणि फोन ठेवला. सामान वर्षभर माझ्या कपाटात पडून होतं, अक्का. तू होतीस तेव्हाही होतं.

घशाच्या ऑपरेशननंतर तुझा आवाज गेला. वीस वर्षं लातूरच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारी बाई, आणि घरात पाणी मागायला टाळी वाजवायची! पण तू रडत बसली नाहीस. महिन्याभरात मेसेज आला: "शिवा, मला एक छोटा काँप्युटर बनवून दे. पिशवीत मावला पाहिजे. वर्गातल्या मोठ्या पडद्याला जोडीन, टाइप करीन, पोरं वाचतील."

लॅपटॉप घे म्हटलं तर चिडलीस. "जे मला उघडता येत न्हाई ते माझं न्हाई." लहानपणी नायगावला तू बाबांचा रेडिओ उघडला होतास आणि मार मी खाल्ला होता, आठवतं?

मागोमाग दुसरा मेसेज: "पंखा आवाज न करणारा बघ. वर्गात माझा आवाज न्हाई, निदान त्या डब्याचा तरी नको." कॉलेजच्या लॅबमध्ये मी एकटाच मोठ्यानं हसलो. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

कॉलेजातले साठ काँप्युटर मी सांभाळतो. तुझा एक मला जमू नये? कॅबिनेट घेतली बुटांच्या खोक्याएवढी. प्रोसेसर थंड ठेवायला सगळ्यात शांत कूलर मागवला, तो इतका उंच निघाला की झाकणच बसेना. परत पाठवला. बुटका कूलर आणला, तर त्याचा पंखा घुंई करायचा. मग वाटलं, कॅबिनेटच बदलू. मग कळलं नवा प्रोसेसर येतोय, थांबू. रोज व्हिडिओ बघायचो, रोज यादी बदलायचो. तू विचारलंस की सांगायचो, "दुकानदार माल देईना."

खोटं होतं ते. तो बिचाराच दोनदा फोन करून विचारत होता, "सर, आणखी काय लागतंय? कधी येता?"

"चालेल ते घे," तू लिहिलंस. "मला रॉकेट सोडायचं न्हाई, कप्पी शिकवायचीय." तेही मी हसण्यावारी नेलं. जन्मभर मला झापलंस, आणि तेव्हाच कशी गं मऊ झालीस? टाइप करून रागावता येत नाही का? एक शिवी जरी आली असती तरी मी त्याच दिवशी स्क्रू पिळायला बसलो असतो!

की नसतो बसलो? खरं सांगू? मला ते काम संपवायचंच नव्हतं. गोळ्या, रिपोर्ट, दवाखाना सगळं दाजी बघायचे. तुझ्यासाठी करण्यासारखं माझ्या हातात तेवढंच होतं. ते झालं की मग काय, याचीच भीती वाटायची. आणि दुखणं उलटलं. दवाखान्यातल्या त्या आठ दिवसांत तू काँप्युटरचं नाव काढलं नाहीस. मीही नाही काढलं.

आज सुट्टी होती. फरशीवर सतरंजी टाकून बसलो. मदरबोर्ड बसवला, रॅम लावली, तोच बुटका कूलर घट्ट केला, वायरी दुमडून आत सारल्या आणि झाकण लावलं. अडीच तास. अडीच तासांचं काम होतं गं ते! पंखा जरा घुंई करतो. शेजारच्या खोलीत ऐकूसुद्धा येत नाही.

मग दाजींना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

दाजी म्हणाले, "रोज चार वाजता ती साडी नेसून खुर्चीत बसायची. क्लासची वेळ. मी म्हणायचो, आज येईल बघ शिवाचा फोन." आणि फोन बंद केला.

हे मला माहीत नव्हतं. तू कधी लिहिलं नाहीस, अक्का.

मी तिथंच सतरंजीवर बसून राहिलो. थकलोय गं. वर्षभर रोज तेच कपाट उघडायचं, शर्ट काढायचा आणि खालच्या कप्प्याकडे बघायचं नाही, यानंसुद्धा माणूस थकतो. अर्ध्या तासानं दाजींनीच फोन केला. "घेऊन ये तो. पण आल्या आल्या मला बोलायला लावू नको."

नाही लावणार. उद्या आधी त्या दुकानदाराकडे जातो. तुझ्या घरात त्याचं नाव माझ्यामुळं खराब झालंय, ते त्याला तोंडावर सांगतो. गुरुवारी पहिल्या एसटीनं लातूरला निघतो. दाजी रागावले तर ऐकून घेईन, गप्प बसले तर त्यांच्याजवळ गप्प बसेन. स्वतःची बाजू मांडणार नाही. एवढा शब्द देतो, आणि हा शब्द लांबवणार नाही.

तुझा धाकटा,
शिवा