केसरबाईचा स्टे

अल रय्यान, दोहा
डिसेंबरातला एक शुक्रवार

प्रिय ईश्वरी,

हाताने लिहिलेलं पत्र बघून घाबरू नकोस, इथे सगळं ठणठणीत आहे. आपण दोघं फोनवर बोलायला लागलो की आधी माझा आवाज चढतो, मग तुझा, आणि मग तुझी आई फोन हिसकावून घेऊन तुला जेवलीस का विचारते. कागदावर मध्येच कुणी तोडत नाही, म्हणून आज कागद घेतलाय. लिहून झालं की फोटो काढून पाठवीन. अक्षर लागलं नाही तर मिहीरकडून वाचून घे. पुण्याचा असला तरी जावई बरा मिळालाय.

गेल्या शुक्रवारी तू विचारलंस, "बाबा, केसमधून नाव काढून घेऊ आणि बाळंतपणाला तिकडेच येऊ का?" मी उलट तुमच्या अमेरिकेत बर्फ किती पडलाय ते विचारलं. तुला राग आला असणार, आणि यायलाच हवा होता. जानेवारी उजाडला की विमानवाले तुला घ्यायला कुरकुर करतील, आणि त्याआधी वकीलबाईंना काय ते कळवायला हवं. म्हणजे उत्तर आताच द्यायला हवं. देतो. पण मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे, तेव्हा जरा दम धर.

आधी तुझ्या आईचं सांगतो. पहिलं बाळंतपण माहेरी, या विषयावर सरोजच्या लेखी चर्चा नव्हतीच. तुझी गोड बातमी कळली आणि नाशिकहून इकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या बॅगेत डिंक, खारीक, अळीव आणि बाळंतशेपा यायला लागल्या. कुणीतरी बिचारा नोकरीच्या मुलाखतीला आला होता, त्याच्याही बॅगेत किलोभर खोबरं. जुन्या साड्यांची इतकी दुपटी शिवून झाली आहेत की बाळ जुळं झालं तरी उरतील. शिवाय रंग काढायच्या नावाखाली तिने अख्खं घर उपसून काढलंय. कढीपत्त्याचं झाड शेजारच्या आबिदाभाभींकडे गेलं, तुझं कपाट कुणाला तरी दिलं, आणि मला माझाच चहाचा कप विचारून घ्यावा लागतो.

आता केसचं ऐक. खरं नाव कोर्टाच्या कागदावर नको, टोपणनाव द्या, असं वकीलबाई म्हणाल्या आणि तू माझ्या आईचं नाव आणि आडनावाचं एक अक्षर दिलंस, केसर बी. हे गुपित आहे, कुणाला सांगायचं नाही, असं तू दहादा बजावलंस. मी नाही सांगितलं. तुझ्या आईने मात्र दिवाळीच्या फराळाला फक्त आबिदाभाभींना सांगितलं, आणि त्या हैदराबादच्या, त्या मराठीत कुणाशी बोलणार म्हणून त्यांना सांगणं सुरक्षित, असं तिचं म्हणणं. भाभींनी मराठी मंडळाच्या राजश्रीताईंना हिंदीत सांगितलं. आठवडाभरात दोह्यातल्या सगळ्या मराठी घरांत ते पोचलं. मी डोक्याला हात लावून बसलो. पण गंमत बघ, तुझं नाव एकानेही काढलं नाही. देवळात भेटो की भाजीबाजारात, बायका सरोजला इतकंच विचारतात, "केसरबाई कशा आहेत? उलट्या थांबल्या का?" परवा एका बाईंनी केसरबाईंसाठी लिंबाचं लोणचं दिलं. तुझी आजी जाऊन बारा वर्षं झाली, आणि तिच्या डोहाळ्यांची काळजी आता गावभर चालली आहे.

आमच्या ऑफिसच्या बसचा बाजीराव तुला आठवतो ना, विट्याचा? तू शाळेत असताना तुला सुट्टीवरून येताना चिंचा आणून द्यायचा. तो तिकडे बरवा अल बराहाला, कामगारांच्या वसाहतीत राहतो, एका खोलीत सगळे आपल्याकडचेच गडी. त्यांच्यापर्यंत बातमी अशी गेली की संजीवसाहेबांच्या लेकीने थेट अमेरिकेच्या अध्यक्षावर केस टाकली आहे. तेव्हापासून बाजीराव माझ्यासाठी पुढची सीट धरून ठेवतो. मी त्याला समजावलं, की बाबा रे, हुकूम असा निघाला की व्हिसावर आलेल्या आईबापांचं मूल तिथे जन्मलं तरी तिथलं धरायचं नाही, त्याविरुद्ध कितीतरी लोक कोर्टात गेलेत, आपली पोर त्यातली एक. कोर्टाने तूर्त हुकूम थांबवलाय, आता सर्वात वरचं कोर्ट ऐकणार आहे. त्याने एवढंच विचारलं, "म्हंजी स्टे मिळालाय न्हवं?" मी हो म्हणालो. "मग झोपा की निवांत, सायेब. आमच्या भावकीत बांधाला स्टे हाय, मी बारका हुतो तवापास्नं. तुमचं नातवंड कालेजात जाईल तरी उठायचा न्हाई." त्याला आता कोण सांगणार की तिकडची कोर्टं आपल्यापेक्षा घाईने चालतात. खोलीतल्या मंडळींनी विट्याच्या एका वकिलाचा नंबरही पाठवलाय, स्टे टिकवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही म्हणे. तुझ्या वकीलबाईंना हवा असेल तर कळव.

हसलीस ना? आता थोडं गंभीर.

ऑक्टोबरात तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी ओरडलो. दुसरे लढताहेत ना, तुला काय पडलंय, सरकारशी वैर घेऊन व्हिसावर राहायचं असतं का, असं बरंच काही बोललो. तू म्हणालीस, बाबा, तुम्ही आयुष्यात कधी कुणाला का म्हणून विचारलंय का, आणि फोन ठेवलास. मला ते लागलं. दोन दिवस मी तुझ्या आईवर उगाच चिडचिड केली, तिची काही चूक नसताना. मग शांतपणे विचार केला. इथे मी तीस वर्षांहून जास्त राहिलो. सर्क्युलर आलं की पाळायचं, यल्ला, पुढे चला. इथल्या लोकांनी मला कधी फसवलं नाही. काम आहे तोवर राहा, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि तो शब्द पाळला. तू इथल्या हॉस्पिटलात जन्मलीस, इथल्या शाळेत शिकलीस, अरबीत भांडू शकतेस. तरी तुझा इकामा, इथे राहायचा परवाना, माझ्या नोकरीला बांधलेला, आणि अठरा वर्षांची होऊन तू शिकायला गेलीस तसा तो खलास झाला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. करारच तसा होता.

पण तुमच्याकडचा करार वेगळा आहे ना. तूच मला ती ओळ वाचून दाखवलीस, गुलामी संपवल्यावर त्यांनी घटनेत घातलेली, की इथे जन्मलेला तो इथला. ती ओळ बदलायची तर सगळ्या देशाला विचारावं लागतं, एका माणसाच्या सहीने ती खोडता येत नाही. हे मला कळायला खरं तर तुझी गरज नव्हती. आमच्या प्लांटमध्ये मॅनेजर म्हणजे राजा, पण सुरक्षेचा व्हॉल्व्ह बायपास करायचा तर त्यालाही दुसऱ्या माणसाची सही लागते, आणि तो दुसरा माणूस नाही म्हणू शकतो. मी तो दुसरा माणूस होतो, ईश्वरी. चार वेळा नाही म्हणालोय. घरी कधी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय, ते कामच होतं. तेव्हा मी कधी विचारलं नाही असं म्हणू नकोस.

रोज चहाबरोबर मी तुमच्याकडच्या बातम्या वाचतो आणि तुझी आई माझा पेपर ओढते, बीपी वाढतं म्हणून. न्यायाधीशांना वाटेल ते बोलतात, त्यांच्या घरी धमक्या जातात, मोठमोठ्या वकिली कंपन्या मुकाट्याने तडजोड करून मोकळ्या होतात.  पण हेही वाचतो की कुठल्यातरी गावचा न्यायाधीश सकाळी उठतो, चष्मा लावतो आणि लिहितो की हे चालणार नाही. हुकूम निघून वर्ष होत आलं, पण तो एक दिवसही लागू झालेला नाही. वरचं कोर्ट काय म्हणेल मला माहीत नाही. उलट गेलं तर काय, आणि आपल्या बाजूने जाऊनही सरकारने ऐकलंच नाही तर काय, याची मला तुझ्याइतकीच धास्ती आहे. तरी तुझी ती केसर बी. त्या कागदावर आहे याने मला बरं वाटतं. अगदी खरं सांगतो, छाती फुगते.

आता उत्तर. तू जन्मलीस तेव्हा सरोजच्या आईला इकडे येता आलं नाही, म्हणून माझी आई निफाडहून आली. पहिलंच विमान. इथल्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने बॅग उघडून लाडवांकडे बोट दाखवलं, तर तिने त्याच्या हातावर एक ठेवला आणि तो खाईपर्यंत तिथून हलली नाही. या सोमवारी आम्ही दोघं अमेरिकेच्या वकिलातीत गेलो होतो. तुला सांगितलं नव्हतं, कारण व्हिसा नाकारला असता तर तू रडली असतीस. मी उत्तरं पाठ करून गेलो होतो. खिडकीपलीकडच्या माणसाने मला काहीच विचारलं नाही, सरोजलाच विचारलं, का जाताय? ती शांतपणे म्हणाली, "फर्स्ट डिलिव्हरी इज इन मदर्स हाऊस, सर. मदर्स हाऊस इज क्लोजिंग. सो मदर इज गोइंग."  घर बंद होतंय असं व्हिसाच्या खिडकीवर कुणी सांगतं का? त्याने विचारलं, मग परत कुठे जाणार? ती म्हणाली, नाशिकला, एप्रिलमध्ये मला कुरडया घालायच्या असतात. तो हसला आणि पासपोर्ट ठेवून घेतले. काल व्हिसा लागून आले.

होय, पोरी, घर बंद होतंय. रंगबिंग काही नाही. महिनाअखेरीला मी साठीचा म्हणून मोकळा होतोय, जानेवारीत कंपनीचं घर सोडायचं आणि इकामा रद्द. बाजीरावाच्या भाषेत, आपला इथला स्टे उठला. तुला माहेरी ये म्हणायला इथे माहेरच उरलं नाही, हे मला फोनवर बोलता येईना, म्हणून हे पत्र. तू जन्मलीस ते गाव तुझं का नाही, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. तुझ्या बाळासाठी कुणीतरी विचारतंय, आणि ती माझी मुलगी आहे. केसमधून नाव काढू नकोस. संक्रांतीच्या आत माहेर तुझ्या दारात येतंय, दोन माणसं, चार बॅगा आणि हे पत्र घेऊन. विमानतळावर उशीर झाला तर समज की तुझी आई कुणालातरी लाडू खाऊ घालतेय.

केसरबाईचा मुलगा आणि तुझाच,
बाबा