लांब काटा

माय, तुझं घड्याळ बघायला काल पुण्याहून एक माणूस लातूरला आला होता. माझ्या लेकानं त्याचा फोटो फोनवर जुन्या घड्याळांच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला, आणि चार दिवसांत हा माझ्या बैठकीत हजर. बोलायला मऊ, नखं स्वच्छ, खिशात डोळ्याला लावायचं भिंग. चहा बाजूला सारून त्यानं आधी मांडीवर पांढरा रुमाल अंथरला, त्यावर घड्याळ ठेवलं आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. तुला हसू आलं असतं. याला क्रोनोग्राफ म्हणतात, तो म्हणाला. तबकडी मूळचीच आहे, कुणी नव्यानं रंगवलेली नाही, म्हणून ती इतकी मोलाची. मी मनात म्हटलं, रंगवायला तुला सवड तरी कुठं होती.

तू नर्स होतीस त्या दवाखान्यात त्याला डॉक्टरसाहेबांचं घड्याळ म्हणायचे. निजामाच्या काळात नोकरीला लागलेले ते म्हातारे डॉक्टर रिटायर होऊन हैदराबादला निघाले, तेव्हा मनगटावरचं काढून त्यांनी तुझ्या हातात ठेवलं. "सिस्टर, ये तुम रख लो. नब्ज देखने कू काम आता." पुरुषी घड्याळ, तुझ्या मनगटाला दुप्पट मोठं. पट्ट्याला तू दाभणानं आणखी एक भोक पाडलंस आणि ते घालून गावभर हिंडायला लागलीस. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, मग सवय झाली. मला मात्र त्यातला तो लांब, बारीक काटा आवडायचा. बाकीचे काटे आपले गरीब बैलांसारखे फिरत असायचे; हा बारावर उभा राहून हुकमाची वाट बघायचा. वरचं बटन दाबलं की निघायचा, पुन्हा दाबलं की असेल तिथं थांबायचा, आणि खालचं दाबलं की एका उडीत घरी परत. आजाऱ्याचं मनगट धरून तू तीस ठोके मोजायचीस आणि काट्यासमोर कडेला कुठला आकडा आलाय ते बघायचीस; मिनिटाला ठोके किती ते तिथंच लिहिलेलं असायचं. तेव्हा तुझ्याशी कुणी बोलायचं नाही, मीसुद्धा नाही.

बाळंतपणात तर तुझी रीतच निराळी होती. हात भरलेले असायचे, म्हणून पहिलं रडणं ऐकलं की तू हनुवटीनं बटन दाबायचीस. मग नाळ, बाळाला पुसणं, बाईचं बघणं, सगळं निवांत. हात धुऊन झाले की लांब काट्याचे फेरे किती झाले ते आतल्या छोट्या तबकडीवर बघून तेवढं मागं जायचं आणि दारात थांबलेल्यांना वेळ सांगायची. आपण बौद्ध, आपल्या घरात पत्रिका नावाला नाही. पण दुसऱ्यांच्या पत्रिकेसाठी तू इतकी जपायचीस की मला राग यायचा. एकदा पाटलांच्या घरी नातू झाला. तुझ्या तोंडून वेळ घ्यायला म्हाताऱ्याला जड गेलं असावं, घड्याळच बघू म्हणाला. सगळ्यात लांब काटा तो मिनिटाचा, असं धरून त्यानं स्वतःच वेळ वाचली.

"पाटील, तो काटा येळ दाखवत न्हाई," तू म्हणालीस.

"आमाला बी कळतं घड्याळ, बाई."

तू घड्याळ परत मनगटावर बांधलंस. घरी येताना मी धुसफुसत होते, तर म्हणालीस, "लेकरू रडलं, दूध प्यालं. आजून काय पायजे?" तो नातू आता इथंच लातुरात क्लासेस चालवतो, दारात ही गाड्यांची रांग. कुणा परक्याच्या ग्रहांवर का होईना, बरं चाललंय त्याचं. माझी जन्मवेळ मी तुला कितीदा विचारली असेल. दरवेळी एकच उत्तर. "तवा माजे हात कुठं मोकळे होते?"

मी एका दुष्काळात जन्मले आणि दुसऱ्यात पाणी भरायला शिकले. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा अहमदपुरात गुलाल उधळला होता, तू मला स्टँडवर पेढा घेऊन दिला होतास. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. जिल्हा नवा आला, पाऊस काही आला नाही. पुढच्या टंचाईत गावात टँकर यायचा, तो थेट वेशीपाशी थांबायचा, आणि तुला दवाखाना सोडून जाता यायचं नाही. मी घागर घेऊन उंबऱ्यावर उभी राहायची. तू मनगट पुढं करायचीस. "जा. दाबलं बघ." आणि मी सुटायची. त्या उन्हात सगळं गाव पांढरं दिसायचं, माणसं दुरून पाण्यात उभी असल्यासारखी हलायची, आणि माझ्या पाठीमागं कुठंतरी तो काटा चालतोय हे मला पायांत कळायचं. आजही डोळे मिटले की मी त्या रस्त्यावर असते, घागर कडेवर, आणि घर काही केल्या जवळ येत नाही.

एकदा शर्यत जिंकायची म्हणून पळत आले आणि अर्धी घागर सांडली. तू बटन दाबलंस, घागरीत बघितलंस, आणि मला वाटलं आता पाठीत बसणार. तू नुसतं म्हणालीस, "तुला पळाया कोण सांगितलं? तू किती जोरात येतीस ते बघाया न्हाई दाबत मी. काटा बघितला की कळतं, आता लिंबापाशी असंल, आता रांगेत असंल. तू कुठवर गेलीस ते कळावं म्हणून दाबून राहिले." त्या दिवसापासून मी चालत यायला लागले.

लग्न होऊन मी नांदेडला गेले तरी तुझी ती खोड सुटली नाही. तू मागाहून घेतलेल्या अहमदपूरच्या घरातून मी निघाले की तू दारात उभी राहून बटन दाबायचीस. मी मोठी, लेकुरवाळी, हातात पिशव्या, आणि तू मनगट पुढं करून, "दाबलं बघ." माझा नवरा मागं वळून हसायचा. नांदेडला उतरलं की स्टँडबाहेरच्या बूथवरून मी तुला एक रिंग द्यायची आणि ठेवून द्यायची. उचलायचा नाही, असं आपलं ठरलेलं. एक रिंग म्हणजे पोचले. मग तू काटा थांबवायचीस आणि भाकरी टाकायला उठायचीस, हे तूच सांगितलं होतंस.

त्या शेवटच्या दिवशीही तसंच झालं. तू दारात, मनगट पुढं. लोहा गावाच्या पुढं बसमध्ये मला इतकी गाढ झोप लागली की नांदेड कधी आलं कळलं नाही. उतरले, रिंग दिली, ठेवली, घरी जाऊन भात लावला. संध्याकाळी तुझ्या शेजारणीचा फोन आला. दुपारी कधीतरी तू खुर्चीत बसल्या बसल्या गेलीस, कधी ते कुणालाच माहीत नाही. दुसऱ्यांच्या वेळा सांभाळण्यात तुझा जन्म गेला, आणि तुझी वेळ सांगायला कुणी नव्हतं. मी मात्र माझ्यापुरती ठरवून टाकली. माझी रिंग वाजली, तू हसलीस, काटा थांबवलास आणि मग गेलीस. इतकी वर्षं, माय, मी याच एका गोष्टीवर उभी आहे. मनगटावरून काढून शेजाऱ्यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं तेव्हा ते चालू होतं का बंद, हेही मी बघितलं नाही. तुझ्या रुमालात गुंडाळलं आणि पेटीत ठेवलं; नांदेडहून लातूरला आलो तेव्हा पेटीसकट इथं आलं. पुढं कधी काढून बघितलंच तर चावी दिली नाही; तुझ्या हातची चावी संपून ते थांबलंय, त्यावर आणखी माझी कशाला.

काल त्या माणसानं विचारलं, "चावी देऊन बघू का?" मी हो म्हटलं. त्यानं दोन बोटांत धरून हळूच फिरवली, आणि माय, तो लांब काटा निघाला. कुणी बटन दाबलं नव्हतं. जिथं होता तिथून, काही झालंच नसल्यासारखा, पुढं चालू लागला.

"हा चालूच राहिला होता," तो भिंगातून बघत म्हणाला. "चावी संपली म्हणून थांबला. बंद असा कुणी केलाच नाही."

मी खुर्चीचा हात धरला. म्हणजे रिंग वाजली तेव्हा घरात ऐकायला कुणी नव्हतं. मी झोपेत होते तेव्हाच कधीतरी तू गेलीस, आणि तुझ्या गार मनगटावर तो काटा मला एकट्यानं नांदेडपर्यंत सोडायला आला. मी जन्मले त्याची वेळ तुझ्याकडं नव्हती, आणि शेवटची पोचले त्याचीही नाही. मला खूप रडू आलं, परक्या माणसासमोर. तो बिचारा घाबरला. घड्याळात काही दोष नाही मॅडम, म्हणाला, काटा बरोबर बारावर परत येतो का तेवढं बघतो. आणि त्याचं बोट बटनाकडं गेलं. मी त्याच्या हातावर हात ठेवला.

"ते बटन अडकलंय," मी म्हटलं. "दाबू नका. तुटेल."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं. गार झालेला चहा शहाण्यासारखा पिऊन टाकला आणि गेला. लेक म्हणतो, आई, एवढं लांबून आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवलंस.

बटन अडकलेलं नाही, माय. आज सकाळी उठून मी घड्याळाला चावी दिली, उद्याही देणार आहे. काटा फिरतोय. मी अजून बसमध्येच आहे, आणि कुठवर आले ते तू बघत असशील.