भिंतीअलीकडच्या आणि भिंतीपलीकडच्या गिटारींची वाटणी

मी, या कागदाच्या शेवटी जिची सही आहे ती बाई, धंद्याने गिटारीच्या तबल्या कोरणारी, विधवा, राहणार कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, आज पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय आपली इच्छा लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी सकाळीच दिला. त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी सांगितला. मग मी त्यांना विचारले, की तुमच्या दवाखान्याच्या दाराची बिजागरी कधीपासून करकरते आहे; ते त्यांना सांगता आले नाही. दाखला तरीही मलाच मिळाला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाल्यास तो माझा पुतण्या असेल आणि तो थट्टा करत असेल.

कलम १. घर. वरच्या मजल्यावरच्या रस्त्याकडच्या खोल्या, सज्जासह, माझ्या लेकीला. मागच्या खोल्या माझ्या धाकट्या जावेच्या आहेतच. त्यांच्यामधला दरवाजा तिचाही नाही आणि माझाही नाही, तो उघडाच असतो, तसाच ठेवावा.

कलम २. बँकेतली शिल्लक लेक आणि पुतण्या यांना निम्मी निम्मी. आकडा इथे लिहीत नाही. तो धाकटीला पाठ आहे.

कलम ३. कारखान्यातला माझा अर्धा हिस्सा लेकीला. दुसरा अर्धा पुतण्याकडे त्याच्या वडिलांकडून आलेला आहे. माझी अट एकच: कारखान्यात आडवी भिंत घालू नये. पडदा नको, फळ्यांचा आडोसा नको, उंच कपाटसुद्धा मधोमध उभे करायचे नाही. ही अट का, ते दोघांना तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहे. कायद्याच्या कागदावर ते एकदा सलग असलेले बरे.

आमच्या कारखान्यात एकच वस्तू होत असे, कमानदार गिटार. साध्या गिटारीची समोरची पाटी, म्हणजे तबली, सपाट असते. आमची जाड फळीतून कोरून काढायची, मधे फुगीर आणि कडांना उतरती, व्हायोलिनसारखी. मधे गोल भोक नाही, दोन बाजूंना दोन वळणदार फटी. पाठ मेपलच्या लाकडाची, दांडीवर शिंपल्याची नक्षी, तारा अडकवायला पितळी पट्टी. महाग वस्तू. ती घ्यायला येणारे गिऱ्हाईक दारात आपोआप बूट पुसत असे. सगळे तिला राणी म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तबली स्वतः मामंजी कोरत. माझे वडील खुर्च्यांचे पाय कोरणारे. हत्याराची मला भीती नव्हती, पण मला कोणी विचारले नव्हते. एके दिवशी जेवताना मामंजींनी हौसेने विचारले, "नवी राणी कशी वाटली आवाजाला?" सगळे छान छान म्हणाले. मी म्हणाले, "दुलईतून कोणी बोलावं तशी वाटली." ताटांवरचे हात थांबले. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला, पण उशीर झाला होता.

मामंजी उठले, खाली गेले आणि एक फळी घेऊन आले. ती माझ्या ताटाशेजारी ठेवून म्हणाले, "मग तूच कोर."

मी कोरली. त्यांच्यापेक्षा पातळ ठेवली आणि आतून आधाराच्या पट्ट्या फुलीसारख्या न लावता लांबीने शेजारी शेजारी लावल्या. मामंजींनी ती बोटावर तोलली, ठोकली, कानाशी धरली. शाबासकी दिली नाही. फक्त आपला बाक खिडकीपासून सरकवला आणि उजेडाची जागा मला दिली. माझ्या आयुष्यात मला मिळालेले ते सगळ्यात मोठे बक्षीस.

पुढचा तंटा भाऊजींचा, म्हणजे माझ्या दिराचा. वाजवणाऱ्यांची बोटे दांडीवरच्या शेवटच्या पडद्यांपर्यंत, म्हणजे उंच सुरांपर्यंत, पोचत नसत, कारण दांडीलगतचा गिटारीचा खांदा आड येई. भाऊजींनी एका राणीचा एक खांदा आत वळवला. दिसायला देखणी झाली, आणि हात थेट वरपर्यंत जाऊ लागला. मामंजींनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कोणी चांगल्या माणसाचा खांदा कापतं का रे?"

"बाबा, माणसाचा नाही. गिटारीचा."

"हिला मी माणूसच समजतो."

"मग तिच्या खांद्यावर आरामात हात टाकू द्या ना कोणाला तरी!"

हे वाक्य भाऊजींनी बोलायला नको होते. संध्याकाळपर्यंत दोघेही घसा बसेपर्यंत भांडले, आणि आठवड्याभरात गवंडी आला. कारखान्याच्या मधोमध वीट चढली. अलीकडे मामंजी, हे आणि मी. पलीकडे भाऊजी आणि धाकटी, जिचे लग्न होऊन धड वर्षही झाले नव्हते. गिटारीच्या पोटात चिकटवायची चिठ्ठी घराण्याची, म्हणून ती दोघांनीही वापरली. एकाच नावाच्या राण्या आता दोन तऱ्हांच्या होऊ लागल्या: इकडे पूर्ण खांद्याची, तिकडे खांदा वळवलेली.

पण भिंत घालताना एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. मेपलचा साठा आमच्या बाजूला राहिला, आणि शिंपल्याचे खोके त्यांच्या बाजूला. विचारायला जाणार कोण? त्यामुळे त्या काळातल्या आमच्या राण्यांच्या दांडीवर नक्षी नाही, नुसते साधे ठिपके. आणि त्यांच्या राण्यांची पाठ अक्रोडाची. पॉलिशवालाही तिकडेच अडकला. इकडे पॉलिश यांच्या गळ्यात पडले. यांचा हात वाजवण्यात सोन्याचा, पण रंग लावताना कडेला डाग पडत. डाग झाकायला ते कडा काळपट करत आणि मधे हळूहळू उजळत नेत. लोकांना तो रंग इतका आवडला, की पुढे सगळे तोच मागू लागले. माझ्या एक मैत्रीण आहेत, जुन्या राण्या जमवणाऱ्या संग्राहकबाई. आमच्या प्रत्येक राणीचा जन्म त्यांना माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे. मी विसरलेल्या गोष्टी त्यांनीच मला सांगितल्या. फक्त एकाच सालात दोन तऱ्हा का, एवढे त्यांना कळत नव्हते. मी भिंतीची हकीकत सांगितली तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा चहात पडला.

भिंतीतून सरस तापवायच्या शेगडीचा नळ जात असे. शेगडी दोन्हीकडची एकच, कारण दुसरी घ्यायचा खर्च दोघांनाही मान्य नव्हता. नळाभोवती मुठीएवढी जागा उरली होती. एकदा तिकडून आवाज आला, "ताई, आहात का?"

"आहे. तू कशी आहेस?"

"मी बरी आहे. हे घोरतात."

"इकडचेही. घराणंच आहे."

तेव्हापासून आम्ही रोज बोलत होतो. घरातले पुरुष गप्प राहण्यात तरबेज, पण दुपारी सरस ढवळताना दोन जावांनी जगातला एकही विषय सोडला नाही. तिला दिवस गेल्याचे मला भाऊजींच्या आधी कळले. माझ्या पडशावर तिने त्याच भोकातून औषधाची पुडी ढकलली.

मग ते जोडपे आले. नवरा-बायको, दोघेही वाजवणारे, रंगमंचावर एकत्र बसणारे. तिला पूर्ण खांद्याची राणी हवी होती आणि त्याला वळवलेली. पण दोन्ही एकाच झाडाच्या, एकाच नक्षीच्या, बहिणी शोभतील अशा. ती आमच्या दाराशी आली, तो त्यांच्या. मामंजी तिला म्हणाले, "नक्षी होणार नाही." भाऊजी त्याला म्हणाले, "मेपल मिळणार नाही." दोघांनीही कारण सांगितले नाही. जोडपे पायरीवर तोंड पाडून बसलेले मला खिडकीतून दिसले.

दुपारी मी नळाशी गेले. "धाकटे, तुझ्याकडे शिंपला किती आहे?"

"ताई, तुमच्याकडे मेपल किती आहे?"

भोकातून शिंपला सहज येई. मेपलची पाठ जाणार कशी? मी नळाभोवतीची एक वीट पटाशीने सैल केली. मग दुसरी. तिकडून ती करवतीच्या पात्याने चुना खरवडत होती. वरून चटई लटकवून आम्ही ते भगदाड झाकले. एकाच झाडाच्या फळ्या इकडून गेल्या, नक्षी तिकडून आली. यांना आणि भाऊजींना सांगावेच लागले. हे म्हणाले, "मला काही दिसलं नाही," आणि चटई नीट सरळ केली. भाऊजींनी तिकडे नेमके तेच केले म्हणे.

गिटारी न्यायला जोडपे आले तेव्हा पाऊल न वाजवता आत शिरले. त्यांना कधी एकदा वाजवतो असे झाले होते, म्हणून ते दारासमोरच्या पायरीवरच बसले आणि दोघांनी मिळून सुरुवात केली. तिची राणी खालून भरून येई, त्याची वरून लखलखत जाई. रस्त्यावरची माणसे थांबली. समोरच्या दुकानातून घड्याळजी भिंग डोळ्याला तसेच लावून बाहेर आला. मामंजी जिन्यावरून उतरले. भाऊजी त्यांच्या दारात आले. मामंजींनी वाजवणाऱ्या नवऱ्याच्या मांडीवरची वळवलेली राणी मागितली, उलटी केली, पाठ ठोकली. मला वाटले, आता संपले.

"हे लाकूड माझं आहे," ते म्हणाले.

तेव्हा धाकटी, जी मामंजींसमोर कधी मान वर करून उभी राहिली नव्हती, ती पुढे झाली. "हो मामंजी. आणि तिच्या गिटारीवरचा शिंपला आमचा आहे."

मामंजींनी एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. माझ्या पदराला चुना लागलेला होता.

"लाकूड माझं, शिंपला तुमचा," ते म्हणाले. "मग भांडण कुणाचं आहे?"

आणि हसू लागले. खोकला येईपर्यंत हसले. भाऊजींनी धावत जाऊन पाणी आणले, आणि ते पाणी घेताना बापाने लेकाचा हात सोडला नाही. भिंत दोघांनी मिळून पाडली. आम्ही जावांनी आधीच बरीच पाडून ठेवली होती, त्यामुळे फार वेळ लागला नाही. त्यानंतरच्या राण्यांना मेपल आहे, शिंपला आहे, कडांना यांचा काळपट रंग आहे, आणि खांदा गिऱ्हाईक सांगेल तसा. मामंजी शेवटपर्यंत वळवलेल्या राणीला "कापलेली" म्हणत राहिले, पण उशाशी तीच ठेवत. म्हणून अट: भिंत नाही.

कलम ४. माझ्या मालकीच्या गिटारी. मामंजींची जाड तबलीची, दुलईतून बोलणारी, पुतण्याला. त्याला पहाटे वाजवायची सवय आहे आणि शेजाऱ्यांचाही विचार व्हावा. भिंतीच्या काळातली, बिनशिंपल्याची, यांनी रंगवलेली, लेकीला. तिच्या खालच्या कडेला यांच्या अंगठ्याचा ठसा रंगात राहिला आहे. तो पुसून नवे पॉलिश करण्याचा सल्ला कोणी दिल्यास त्याला चहा न देता घालवावे.

कलम ५. पितळी रंधे, अंगठ्याएवढे, सगळे लेकीला. गोल पटाशा पुतण्याला, कारण तो त्या विचारून नेतो आणि धार लावून परत करतो. संग्राहकबाईंना भिंतीची एक वीट, माझ्या खिडकीत आहे ती. खरेपणाचा दाखला म्हणून हा कागद दाखवावा. लाकूडवाल्याच्या मुलाला, त्याच्या वडिलांनी "कोरडी ठणठणीत" म्हणून मला विकलेली फळी. ती अजून वाकते आहे.

कलम ६. मला पोचवून आल्यावर कारखाना बंद ठेवू नये. सरस तापलेला असेल तर आधी तो वापरून टाकावा.

कलम ७. सध्या बाकावर असलेली अर्धवट राणी. हिची तबली मी कोरली आहे, आणि हात पाहता ही माझी शेवटची. हिच्यावरून धाकटीचा आणि माझा वाद चालू आहे. ती पिकअपच्या, म्हणजे गिटारीचा आवाज विजेवर उचलणाऱ्या डबीच्या, तारा गुंडाळते, आणि आजवर आमच्या राण्यांना पिकअप नेहमी वरच्यावर, तारांशेजारच्या पट्टीला लटकवलेला. तबलीला न शिवणारा. तो नियम माझा. धाकटीचे म्हणणे, एकदा तरी तो तबलीत बसवून बघू. माझे म्हणणे, कोरलेल्या तबलीला भोक पाडणे म्हणजे छत्रीला खिडकी करणे. तरी ही गिटार मी माझ्यामागे धाकटीला देत आहे, आणि तिला वाटेल ते करायची पूर्ण मुभा देत आहे.

वरील कलम रद्द. खाडाखोड माझीच आहे, शेजारी छोटी सही केली आहे. कारण असे, की हे कलम मोठ्याने वाचल्यावर धाकटीने डोळे पुसले आणि मग ती भडकली. "तुम्ही गेल्यावर मी भोक पाडायचं? आणि मग कसं वाजतं ते सांगू कुणाला?" मी म्हणाले, वाईट वाजलं तर? ती म्हणाली, "मग तुम्ही आहात ना शिव्या द्यायला! म्हणून तर आजच हवंय." सबब ही गिटार मी आज, हयातीतच, तिच्या हवाली केली आहे. भोकाची जागा मी स्वतः पेन्सिलीने आखून दिली.

एवढे लिहून वाचून पाहिले, बरोबर आहे.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई, दाखल्यासह. समोरचा घड्याळजी, जुन्या घड्याळजीचा मुलगा. धाकटीला या कागदातून काही मिळत नसल्याने तीही साक्षीदार होऊ शकली असती; बोलावले, पण तिला सवड नाही.

स्थळ: कारखाना, मोठ्या खिडकीखालचा बाक. तारीख: वरच्या शिक्क्यातली.

सही: खाली केली आहे. अक्षर हलले आहे ते वयामुळे नव्हे. बाकाच्या दुसऱ्या टोकाला ड्रिल चालू आहे.