पऱ्हाटीची इनामी शिकार

१२ ऑक्टो., रवि.
बोग्गुनं आज फसवलं मले.
गेमच्या ग्रूपमध्ये नवे पोरं आले हायेत. त्यायले इनामी शिकार शिकवाची हाये. म्हणजे अवकाशात आपलं जहाज घेऊन फिराचं, ज्या लुटारूवर इनाम लागलं त्याले हुडकून पाडाचं. यानं मले न विचारता माझं नाव सांगून टाकलं. "पऱ्हाटी से अच्छा कोई नहीं सिखाएगा." मी लिहिलं, टाइप करून सांगतो. म्हणे नाई, माइकवर. लढता लढता कोण वाचन?
दोन तारखेचा रविवार. संध्याकाळी.
मी हो बी नाई लिहिलं, नाई बी नाई लिहिलं. गेम बंद करून टाकला.

बोग्गु मंचेरियलचा. बाप कोळशाच्या खाणीत. तेलुगूत बोग्गु म्हणजे कोळसा. माझ्या खिडकीतून कपाशी दिसते म्हणून मी पऱ्हाटी. खरं नाव दोघायलेबी माहीत नाई. तो माइकवर बोलते, मी टाइप करतो. त्याले वाटते माझा माइक खराब हाये. नंबर देल्ला होता त्यानं, कधी तरी कॉल कर म्हणून. भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवला, कॉम्प्युटरच्या बाजूले. तसाच हाये.
याच्याशिवाय मी कोणासंग बोलत नाई. अन् यासंगबी बोलत नाईच.

१४ ऑक्टो., मंगळ.
दिवसभर वेचणी. मनात बोलून पाहत होतो. हॅलो, मी पऱ्हाटी. तिथंच अटकलो.
आई म्हणे, "हात कापसात अन् डोये कुठी रे तुहे?"
आमची मराठी शाळा सातवीपरेंत. पुढं तेलुगू. सर उभं करत, वाच. मी वाचाले लागलो की पोरं एकमेकायकडं पाहत. नववीत एक दिवस अर्ध्या ओळीत थांबलो अन् घंटा होईपरेंत तसाच उभा होतो. दुसऱ्या दिवशी गेलो नाई. बाबानं विचारलं, काऊन? म्हणलं, पोट दुखते.
अजून तेच दुखून राह्यलं समजा.

१७ ऑक्टो., शुक्र.
बोलाचे मुद्दे काढले. बोलाचं नसलं तरी.
आधी स्कॅन. जहाज निशाण्यावर घ्या अन् थांबा. नाव, गुन्हा, इनाम, सगळं वरते येते. 'वाँटेड' दिसलं तरच गोळी. घाई केली अन् तो साधा माणूस निघाला त तुमीच गुन्हेगार, पोलिस तुमच्या मागं. (मी पयल्या दिवशी हेच केलतं. बो. इतका हसला की खोकला लागला त्याले.)
नव्यानं एकट्यानं दूर जाऊ नाई. ग्रहाच्या भोवती दगडायचं कडं असते, तिथं पोलिसायचे जहाज फिरतात. त्यायले भिडू द्या. लुटारूनं तिकडं तोंड केलं की तुमी मागून मारा. पाडलं पोलिसानं तरी तुमची गोळी लागली असली त इनाम तुमालेबी भेटते.
बटन दाबून धरू नका, बंदूक तापते. थोडी थोडी मारा.
ढाल गेली की पळा. त्यात लाज नाई.
हे शेवटचं लिहून तसाच बसलो. हे एक मले शिकवाले जमन.

२२ ऑक्टो., बुध.
दिवाळी झाली. कापूस घरात आला. मधली खोली म्हणजे माझीच, कॉम्प्युटर तिथंच. ढीग टेबलाच्या पायापरेंत. बाबानं पाह्यलं.
"हे डबडं काढ इथून. वायर त आधी काढ. एक ठिणगी उडाली त घर जाईन."
"रविवारपरेंत राहू द्या ना बाबा. दोन तारखेच्या."
"काऊन? दोन तारखेले लगन हाये काय याचं?"
आई हसली. मीबी हसलो. मंग बाबा म्हणे, बरं, पण आमी घरात असलो तवाच लावाचं.
कॉम्प्युटर मामाच्या पोराचा हाये, आदिलाबादच्या. त्यानं लॅपटॉप घेतला, मले हे देल्लं. बाबा त्याले अजून पाव्हण्याचं सामान समजते.

२५ ऑक्टो., शनि.
चांगली शिकार झाली. मी अन् बो. दोघंच. एका लुटारूले दगडायच्या मधात कोंडला, बो. समोरून, मी खालून. तो ओरडला, "पऱ्हाटी, मस्त रा!"
इनाम जमा नाई केलं. जहाज पाडलं की इनाम नुसतं नावावर चढते, अवकाशातल्या स्टेशनवर जाऊन जमा करावं लागते. पुढच्या आठवड्यात आमच्या स्टेशनवर जास्त देणार हायेत. बो. म्हणे, "जमा कर दे रे. मर गया तो सब गया." मी लिहिलं, आमच्यात माल आल्या आल्या कोणी विकत नाई, भाव पाहतात. तो म्हणे, "ये कपास है क्या?"
त्या पैशात मले मोठं जहाज घ्याचं हाये. शिकवणाराच नव्या पोरायच्या जहाजात आला त पोरं काय म्हणतीन. मोठ्या जहाजात बसलो त आवाज निघन असं वाटते. काऊन वाटते माहीत नाई.

२८ ऑक्टो., मंगळ.
गुडीहत्नूरच्या बाजारातून माइकवाला इअरफोन आणला. दुकानदार म्हणे, हॅलो बोलून पाह्य. म्हणलं, घरी पाह्यतो.
घरी कोणी नव्हतं. ढिगावर बसून बोललो. हॅलो. कापसात आवाज मुरते. परत येतच नाई. आपला आवाज आपल्यालेच आयकू आला नाई की बरं वाटते.
"आधी स्कॅन करा" इथपरेंत बोललो. मंग आई आली.

३० ऑक्टो., गुरु.
गेलं सगळं.
आभाळ सकाळपासून होतं. पाऊस म्हणून मी घरी, गेममधल्या दगडायच्या कड्यात फिरून राह्यलो होतो. बो. होता. मोठ्या लुटारूले भिडलो होतो, त्याची ढाल गेली होती, माझी अर्धी. तेवढ्यात आई अन् बाबा वावरातून ओले गाठोडे घेऊन पळत आले. "उठ उठ, धर!" बाबाच्या अंगावरून पाणी गळत होतं, खाली कोरडा कापूस, बाजूले बोर्ड. बाबानं हात लांबवून वायर उपटली.
पडदा काळा.
बाबाची चूक नाई. त्यायनं आधीच सांगतलं होतं, आमी नसलो त लावाचं नाई.
संध्याकाळी एकदा लावू देल्लं. स्टेशनवर उभा होतो. सगळ्यात साधं जहाज, पयल्या दिवशी भेटते ते. न जमा केलेलं इनाम, शून्य. बो.चा मेसेज होता, "तू अचानक रुक गया. मैंने बहुत घेरा, नहीं बचा सका."
म्हणजे तो तिथंच थांबला होता. माझ्या रिकाम्या जहाजासाठी लढत.
खाली लिहिलं होतं, "संडे को आ रहा ना?"
मी लिहिलं, हो.
कशाले लिहिलं.

१ नोव्हें., शनि.
पाऊस थांबला नाई. ओला कापूस पसरवाले जागा पायजे. टेबल बाहेर. कॉम्प्युटर चादरीत बांधून माळ्यावर. मीच चढवला. बाबा खालून म्हणे, "हळू, हळू, दुसऱ्याचं हाये."
उद्या रविवार हाये हे बाबाच्या ध्यानात नव्हतं. आईच्या होतं. ती माझ्याकडं पाहत होती.

२ नोव्हें., रवि.
ढिगावर पडून होतो. आता ते जमले असतीन. आता बो. म्हणत असन, आएगा, आएगा. नवे पोरं हसत असतीन.
अंगाले खाज सुटली पण उठलो नाई.

४ नोव्हें., मंगळ.
बो.चा नंबर कापसाच्या मागं हाये. भिंतीवर.
आज उपसाले बसलो. आई दारात आली.
"काय रे, उंदीर घुसला काय?"
"नाई. नंबर लिहिला होता एक."
"कोणाचा?"
"दोस्त हाये."
आई म्हणे, "तुहा कोण दोस्त?" मंग काई न विचारता पदर खोचला अन् ढीग दोन्ही हातानं लोटून धरला. मी अंदर घुसून वाचला. पेन्सिल पुसट झाली होती पण दिसली. आईच्या फोनमध्ये टाकला.
मेसेज केला, मी पऱ्हाटी. कॉम्प्युटर गेला. सॉरी.
लगेच आलं. "सब रुके थे. मैं सबको बोल रहा था आएगा. मेरी क्या इज़्ज़त रही?"
मंग, "कॉल कर."
मंग, "माट्लाडु रा." बोल ना म्हणते.
फोन आईले देल्ला. आईनं विचारलं, काय म्हणे दोस्त? म्हणलं, काई नाई, ठीक हाये म्हणे.

८ नोव्हें., शनि.
चार तारखेपासून त्याचा काई मेसेज नाई.
आई अन् बाबा वावरात. ऊन पडलं. दार लावून कापसात बसलो, आईचा फोन तोंडाजवळ. पयले रेकॉर्ड केले ते पुसून टाकले सगळे. एकात नुसता श्वास होता. एकात गाय ओरडली.
मंग बोललो. हिंदीत सुरू केलं, मधात मराठी झाली, एक दोन शब्द तेलुगू, ते नक्कीच चुकले. हॅलो, मी पऱ्हाटी. माइक खराब नव्हता. नव्या पोरायले सांग. आधी स्कॅन करा. एकटे दूर जाऊ नका. बंदूक थोडी थोडी मारा. ढाल गेली की पळा, पण पळून सांगा, मी पळालो म्हणून. मी सांगतलं नाई.
अन् एक मुद्दा मी लिहिलाच नव्हता, कारण मी तो करतच नव्हतो. इनाम भेटलं की जाऊन जमा करा. भाव पाहत बसू नका.
अर्ध्यात अटकलो होतो. तेबी तसंच राह्यलं त्यात.
बटनावरचा अंगठा सोडला. गेला.
मंग बाहेर जाऊन पाणी पेलो.

९ नोव्हें., रवि.
सकाळी बो.चा आवाज आला हाये. फोनमध्ये हाये. माझ्यापेक्षा लांब. शिव्या असतीन. पोरायले आयकवला असन अन् सगळे हसले असतीन, तेबी असन त्यात. किंवा नसन.
आयकला नाई अजून.
बाबा अंगणात व्यापाऱ्याले सांगून राह्यले, अबी नहीं, आठ दिन और देखते. व्यापारी म्हणे, काका, माल पीला पड़ जाएगा. बाबा नाई म्हणाले.
मी ढिगावर. फोन हातात. गरम झाला.
संध्याकाळपरेंत ठेवू म्हणलं. संध्याकाळी आयकू. ठेवला तवर तो दोस्त त हाये.
कालच मी काय बोललो होतो, भाव पाहत बसू नका.
आई दारातून, "दे इकडं फोन, मावशीले लावाचा हाये."
"थांब."
"काय थांब? सकाळपासून नुसता धरून बसला. लाव, नाई त दे."